नर्सबाई आणि मेजरचे दहा दिवस

कळंबात माझ्या वयाची जी माणसं आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या डाव्या दंडावर पुतळाबाईंच्या सुईचा व्रण आहे. माझ्याही आहे. उपकेंद्रात नर्स म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली. ऊन बघितलं नाही, चिखल बघितला नाही, वस्त्यावस्त्यांवर चालत जाऊन बाळंतपणं केली. दारू पिऊन अंगावर आलेल्या एका बहाद्दराला त्यांनी लसीच्या डब्यानं हाणलं होतं म्हणे. विचारलं तर त्या नाही म्हणत नाहीत. अशी ही बाई जगात एकाच गोष्टीला भ्यायची, ती म्हणजे कुत्रं.

रस्त्यात साधं मरतुकडं कुत्रं आडवं पडलेलं असलं, तरी बाई बांधावरून वळसा घालून जायच्या. आम्ही शाळेतल्या पोरी मुद्दाम त्यांच्या मागून "यू यू" करायचो. त्या मागं वळायच्या तेव्हा चेहरा पांढरा पडलेला असायचा. तेव्हा आम्हाला हसू यायचं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कारण गेणूची गोष्ट मला फार उशिरा कळली. बाई नोकरीला नव्या होत्या तेव्हाची. गेणू पंचविशीतला गडी. त्याला कुत्रं चावलं, घरच्यांनी जखमेत चुना आणि तिखट भरलं, कुणाकडून तरी गाठी मारलेला दोरा आणून बांधला, आणि झालं गेलं विसरून गेले. दोन महिन्यांनी त्याला उपकेंद्राच्या ओट्यावर आणून टाकलं. तहानेनं कासावीस झाला होता. बाईंनी तांब्या पुढं केला. पाणी दिसताच त्याचा गळा आवळला, अंग ताठ झालं, डोळे बाहेर आले. जरा सावरल्यावर तो म्हणाला, "बाई, पाणी द्या, पण दावू नका." तिसऱ्या दिवशी गेला.

तेव्हापासून बाईंनी घराघरांत तीनच गोष्टी सांगितल्या. चावलेली जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. सुई एकही चुकवायची नाही. आणि चावलेलं कुत्रं मारायचं नाही, हाकलायचं नाही, बांधून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची. "धा दिवस कुत्रं खातंय-पितंय तर भ्यायचं कारण न्हाय. पाणी सोडलं, लाळ गाळाय लागलं, की पळत माझ्याकडं यायचं." हे वाक्य आमच्या गावात पाढ्यासारखं सगळ्यांना पाठ आहे.

बाईंचे यजमान ज्ञानदेवआबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याला पाणी आलं की फाट्याची दारं उघडायची, पातळी बघायची, कुणी चोरून पाणी घेत असेल तर त्याच्याशी भांडायचं, हे त्यांचं काम. रोज दुपारी साडेचारला सायकलवरून निघायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आणि गेल्या दोन वर्षांत आबा एकेक गोष्ट विसरत गेले. आधी शेजाऱ्यांची नावं, मग आजचा वार, मग जेवलो की नाही ते. माझं नाव तर केव्हाच गेलं. मला ते "ती भेंडीवाली" म्हणतात. मी भेंडी-गवार लावते, त्यामुळे अगदीच चूक नाही. पण साडेचार ते विसरले नाहीत. चार वाजून गेले की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची, आणि साडेचारला उठून "पाणी सोडायचंय" म्हणत निघायचे.

कालवा घराच्या मागं दोनशे पावलांवर. कोरडा असला की चिंता नाही. आवर्तन सुटलं, म्हणजे धरणाच्या पाण्याची पाळी आली, की मात्र तो काठोकाठ वाहतो, आणि काँक्रीटच्या उतारावरून घसरलेलं माणूस वर येत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून बाईंनी फाटकाला बाहेरच्या बाजूनं लोखंडी आकडा बसवून घेतला. आबांना तो आतून काढता येत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं एकच सांगणं, आकडा लाव.

त्यांचा मुलगा बुद्धघोष लोणी देवकरला कंपनीत आहे. सकाळी आठला जातो, संध्याकाळी सातला येतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या बाजूच्या उसात बिबट्याचे ठसे दिसले. दोघं म्हातारी दिवसभर मळ्यात एकटी, म्हणून तो हवालदिल झाला. त्याच्या कंपनीतला एकजण बदलीवर निघाला होता. त्याचा दोन वर्षांचा जर्मन शेफर्ड हा घेऊन आला. नाव मेजर. काळीभोर पाठ, पिवळसर पाय, उभे कान. बाईंनी त्याला गाडीतून उतरताना पाहिलं आणि घरात जाऊन आतून कडी लावली.

"आई, अगं शहाणी जात हाय," बुद्धघोष दाराबाहेरून सांगत होता. "मूळची मेंढरं राखणारी. आता पोलिसात हाय, मिलिटरीत हाय, आंधळ्याला वाट दावायला हाय. सांगशील ते काम शिकतंय."

"मग त्याला कंपनीत लावून दे," बाई आतून म्हणाल्या.

मेजर राहिला. बाई मात्र रोज उठून भ्यायच्या. मला म्हणायच्या, "रोहिणी, हे कुत्रं भुंकत न्हाय गं, घेरतंय." आणि ते खरं होतं. मी गेले की तो माझ्याभोवती एक मोठा फेरा घालायचा, मग लहान, मग आणखी लहान, डोळे माझ्या पायांवर. बाई स्वयंपाकघरात, आबा पडवीत आणि बुद्धघोष गोठ्याकडं असला, की हा तिन्हीकडं धावून धावून दमायचा. सगळे एका जागी बसले की मधल्या उंबऱ्यावर आडवा पडून झोपायचा. बाईंच्या कोंबड्या त्यानं एकदा गोळा करून कोपऱ्यात दाबून धरल्या. एकीलाही दात लावला नाही, पण लाळ लागली असेल म्हणून बाईंनी दोन दिवस अंडी खाल्ली नाहीत. गावठी कुत्र्याची रीत त्यांना ठाऊक होती, ते अंगावर आलं की दगड उचलायचा. ह्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. हा गप्प राहून बघायचा, आणि त्या गप्प बघण्याचीच त्यांना जास्त भीती वाटायची.

महिनाभरानं व्हायचं ते झालं. साडेचारला आबा उठले आणि फाटकाकडं चालू लागले. मेजर पुढं जाऊन आडवा उभा राहिला. आबांनी त्याला पायानं सारलं. तो मागं गेला आणि आबांची टाच दातात धरली. बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघितलं. त्या किंचाळल्या ती किंकाळी मला माझ्या रानात ऐकू आली.

मी पोचले तेव्हा आबा मोरीत पाय सोडून बसले होते आणि बाई त्यांची टाच साबणानं धूत होत्या. घड्याळ समोर ठेवलं होतं, पंधरा मिनिटांत एक मिनिट कमी नाही. जखम म्हणजे नखभर ओरखडा, पण रक्त होतं. आबा मला म्हणाले, "भेंडीवाले, हिला सांग, सणाला अजून येळ हाय, एवढं घासू नको." बाईंचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

बुद्धघोषनं मेजरची लसीची पुस्तिका काढली. शेवटचा शिक्का दीड वर्षापूर्वीचा. बाईंनी ती पुस्तिका मिटली आणि एवढंच म्हणाल्या, "बांध त्याला. आजपास्नं धा दिवस. मग काय बी कर, त्याला हितं ठिवायचं न्हाय."

आबांना सुया सुरू झाल्या. मेजर कडुनिंबाला साखळीनं बांधला गेला. आणि बाईंनी पडवीत, लोखंडी जाळीच्या दाराच्या आत खुर्ची टाकली. जवळ एक जुनी शाळेची वही. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या लिहायच्या. खाल्लं का, पाणी प्यायला का, लाळ आहे का, डोळे लाल आहेत का. उपकेंद्रात बाळंतिणीचा ताप लिहायच्या त्याच अक्षरात. मी ती वही बघितली आहे. पहिला दिवस, खाल्लं, पाणी प्यायला, साडेचारला भुंकला. दुसरा दिवस, तेच. तिसरा दिवस, आबा जेवेपर्यंत भाकरीला तोंड लावलं नाही, नंतर खाल्लं, साडेचारला भुंकला. पाचव्या दिवसापुढं लिहिलंय, अस्वस्थ, मी आत आणि हे बाहेर असले की कण्हतो, दोघं पडवीत बसलो की झोपतो. त्यापुढं प्रश्नचिन्ह.

एवढ्या जवळून त्यांनी आयुष्यात कुठलंच कुत्रं बघितलं नव्हतं. सातव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "त्याचा उजवा कान डाव्यापेक्षा आधी फिरतो, बघितलंस का?" मी म्हटलं, बाई, तुम्हाला लळा लागला. त्या चिडल्या. "लळा न्हाय. मरणाची भीती वाटती, म्हणून बघती. झोप लागत न्हाय मला. डोळं मिटलं की गेणू दिसतोय, अन् त्याच्या जागी हे."

आबांना रेबीज झाला तर त्यांना कळणारसुद्धा नाही, काय होतंय ते. पाणी का बघवत नाही, का पिता येत नाही, हे त्यांना कोण समजावणार? बाई हे बोलल्या आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

आठव्या दिवशी आवर्तन सुटलं. माझ्या गवारीला पाणी मिळणार म्हणून मी खूश होते. त्या घराला त्या पाण्याचा काय अर्थ आहे, हे माझ्या मनातही आलं नाही.

आता नवव्या दिवसाचं सांगते. सव्वाचारच्या सुमाराला मेजर असा भुंकायला लागला की मी खुरपं टाकून धावले. फाटक उघडून आत शिरले आणि थेट पडवीत. बाई जाळीच्या दाराआड उभ्या होत्या. मेजर साखळीला इतका ताणत होता की निंबाचा बुंधा खरवडला जात होता. बाईंनी थोड्या वेळापूर्वी लांबून काठीनं ढकलून ठेवलेली पाण्याची पाटी त्यानं लाथाडून उपडी केली होती. तोंडाला फेस, गळ्यापर्यंत लाळेच्या तारा, डोळे लाल.

"बाई, पाणी सांडलं त्यानं," मी म्हणाले. "लाळ बघा. झाला, पिसाळला."

हे मी म्हणाले. मला काय अक्कल होती त्यातली? पण मी म्हणाले.

बाईंच्या हातातली वही खाली पडली. त्यांनी जाळीचं दार ओढून घेतलं, कडी घातली, वर बोल्टही घातला. फोन लावताना बोटं चुकत होती. "बाळा, लगीच ये. लक्षणं दिसली. पाणी सोडलं त्यानं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना उठवू नको. झोपल्यात तेच बरं." तरी त्या आबांच्या खोलीत डोकावल्या. आणि तिथूनच त्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"रोहिणी, ह्ये कुठं हायती?"

पलंग रिकामा होता. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं. आम्ही दोघी कुत्र्याकडं डोळे लावून उभ्या होतो, तेवढ्यात आबा मागून निघून घराला वळसा घालून गेले होते. मी पडवीत पळाले, जाळीतून फाटकाकडं बघितलं. फाटक उघडं होतं. आकडा नुसताच लोंबत होता. शेवटी आत आलेली मी होते.

 बाईंनी फाटक बघितलं, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चार पस्तीस. मग त्यांनी मेजरकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच मलाही दिसलं की तो आमच्याकडं बघतच नव्हता. फाटकाबाहेर, कालव्याच्या वाटेकडं बघत होता. भुंकायचा, मागं वळून बाईंकडं बघायचा, पुन्हा तिकडं.

बाईंनी कडी काढली.

"बाई, नका," मी त्यांचा पदर धरला. "मी जाते कालव्यावर, तुम्ही त्याला सोडू नका."

"फाट्यावर गेलं असतील, का वरच्या पुलाकडं, तुला ठाव हाय का?" त्यांनी पदर सोडवून घेतला. "मला बी न्हाय."

त्या तांब्याभर पाणी घेऊन उतरल्या. मला वाटलं, शेवटची परीक्षा घेतायत. घेतच होत्या. दोन हातांवरून त्यांनी तांब्या पुढं केला. मेजरनं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. तोंड फिरवलं, आणि लाळेचा शिंतोडा बाईंच्या हातावर उडाला. बत्तीस वर्षं गावाला शिकवलेली सगळी लक्षणं समोर जुळून आली होती. बाईंनी तांब्या खाली ठेवला. "बुद्धं सरणं," एवढंच मला ऐकू आलं. मग त्यांनी त्याच्या गळ्यात हात घातला. साखळीची कडी सापडेना. मेजर तेवढ्यापुरता थांबला, एकदम स्थिर उभा राहिला, आणि बाईंचा हात त्याच्या दातांपासून वीतभर अंतरावर चाचपडत होता. मी डोळे मिटून घेतले. साखळी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, तेव्हा उघडले.

तो पुलाकडं गेलाच नाही. फाटकातून निघाला तो सरळ उसाच्या कडेनं, खालच्या फाट्याकडं. आम्ही मागून धावत होतो. पासष्ट वर्षांची बाई, पायात चप्पल नाही, आणि मी त्यांच्यापेक्षा मागं. उसाची पानं सळसळली तर बिबट्या आठवायलाही सवड नव्हती. मला फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत होता, आणि मनात एकच चाललं होतं की आकडा, आकडा, आकडा.

आबा फाट्याच्या दाराशी होते. पातळी बघायला खाली उतरायच्या तीन पायऱ्या आहेत, त्यांतल्या शेवटच्या पायरीवर. पाणी घोट्यावरून जात होतं. मेजर त्यांच्या आणि कालव्याच्या मध्ये होता, मागचे पाय पाण्यात, खांद्यानं आबांचे गुडघे रेटत.

"सरक की," आबा त्याला दटावत होते, "पातळी बघू दे मला."

बाई काठावरच थांबल्या. हाक मारली असती तर आबा दचकून वळले असते. त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. मेजरनं आणखी एक रेटा दिला. आबा एक पायरी वर सरकले. मग तो त्यांच्या मागं आला आणि टाच धरली, अगदी त्या दिवशी धरली होती तशीच. "ए!" आबा ओरडले आणि आणखी एक पायरी चढले. पुन्हा टाच, पुन्हा पायरी. आबा वर आले, भिजलेला पायजमा झटकला आणि बायकोला म्हणाले, "ह्या गड्याला कामावर कुणी घेतलं? सायबाला सांगतो मी."

बाईंनी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. 

मेजर मात्र वर आला नाही. तो पायरीवर उभा राहिला, मान खाली घातली आणि पाणी प्यायला लागला. लप लप लप, घोटामागून घोट. थांबायचा, वर बघून आम्ही तिघं आहोत का ते बघायचा, पुन्हा प्यायचा. बाई त्याच्याकडं बघत होत्या आणि बघता बघता त्या मुरमावर खालीच बसल्या. हुंदके देत होत्या आणि म्हणत होत्या, "पितोय गं. रोहिणी, पाणी पितोय."

परत येताना मी मागं रेंगाळत होते. तोंड दाखवायची लाज वाटत होती. तर माझ्या टाचेला ओले दात लागले. मी ओरडले, पण पुढं झाले. आम्हा तिघांना त्यानं एका घोळक्यात घालून फाटकाच्या आत आणलं.

आकडा बाईंनी स्वतः हात बाहेर काढून लावला, दोनदा हलवून बघितला. मग वही उचलली आणि लिहिलं, दिवस नववा, सव्वाचारलाच भुंकला, पाणी प्यायला. वही मिटून म्हणाल्या, "आकडा तू लावला नव्हतास." मी मान हलवली. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आता मी कुणाचंही फाटक ओलांडलं की मागं वळून दोनदा बघते.

दहाव्या दिवशी मी गेले तर मेजरच्या गळ्यात पुन्हा साखळी. मी म्हटलं, बाई, आता कशाला? "धा दिवस म्हंजे धा दिवस," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी नऊवर सोडलं, तर लोकांना काय सांगू?" पण साखळीचं दुसरं टोक निंबाला नव्हतं, त्यांच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. खुर्ची जाळीबाहेर, निंबाखाली आली होती. शेजारी आबांची खुर्ची.

साडेचार वाजले. आबा उठले, "पाणी सोडायचंय" म्हणाले. मेजर उठला. बाईही उठल्या, आणि तिघं मिळून फाटकाकडं चालू लागले.

"बाई," मी आकडा काढता काढता विचारलं, "भीती गेली का मग?"

"कुठं जाती?" त्या म्हणाल्या. "ह्यांची रोज वाटती. उद्या ह्ये मला बी भेंडीवाली म्हणतील, त्याची वाटती. अन् ह्याची बी वाटतीच. बघ की."

त्यांनी दुसरा हात मेजरच्या पाठीवर ठेवला होता. तो हात थरथर कापत होता, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.